वेगवान जुन्या गाडीचा भाव: प्रस्तावना

२०१६च्या नोव्हेंबरमध्ये फोक्सवॅगनने भारतात पोलो जीटीआय आणली. तीन दारांची, १.८ लिटर टर्बो पेट्रोल इंजिनाची, १९२ अश्वशक्तीची छोटी गाडी. परदेशातून पूर्ण तयार होऊन येणार, आणि येणार त्या फक्त ९९. किंमत होती सुमारे २६ लाख रुपये. तेवढ्या पैशांत घरातल्या सगळ्यांना ऐसपैस नेणारी मोठी गाडी मिळत होती, त्यामुळे गिऱ्हाइकांनी पोलोकडे पाठ फिरवली. पुढच्याच वर्षी किंमत वीस लाखांच्या आत आणावी लागली. आज तीच गाडी विकायला निघाली की मालकाचं पहिलं वाक्य असतं, "देशात नव्व्याण्णवच आहेत."

नव्व्याण्णव तेव्हाही होत्या. आकडा तोच, इंजिन तेच, दारंही तीनच. मग ज्या गाडीवर सहा लाख कमी केल्याशिवाय ती शोरूममधून हलत नव्हती, तिच्या मालकाला आज असा ताठा कुठून आला? आणि तो खरा मानून पैसे मोजणाऱ्याने नेमकं काय तपासायचं? हे पुस्तक या दोन प्रश्नांसाठी लिहिलं आहे.

पुस्तकाची हद्द आधी सांगतो. राजेरजवाड्यांच्या रोल्स-रॉइस आणि युद्धापूर्वीच्या गाड्या इथे नाहीत. त्यांच्यावर लिहिलं गेलं आहे, त्यांचे मेळावे भरतात, त्यांचे जाणकार आहेत. मला आस्था आहे ती साधारण २००० ते २०२० या वीस वर्षांत आपल्याकडे विकल्या गेलेल्या, मध्यमवर्गीय माणसाने कर्ज काढून घेतलेल्या वेगवान गाड्यांविषयी. होंडा सिटी व्हीटेक, फियाट पॅलिओ १.६, स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस, पोलो जीटी टीएसआय, अबार्थ पुंटो, बलेनो आरएस. या गाड्या आत्ता अशा वयात आहेत की त्यांतल्या काही भंगारात जातील, काही वाचतील. कोणत्या वाचतील हे येत्या पाच-दहा वर्षांत ठरणार आहे, आणि ते ठरवताना सगळ्यांत मोठी भूमिका भावाची असणार आहे. भाव चुकला तर चांगली गाडी चुकीच्या हातात जाते. खोटा चढला तर घेणारा पहिल्याच मोठ्या खर्चाला हात टेकतो, आणि फार पडला तर मालक डागडुजी करायचं सोडून देतो.

मराठी वाचकाने हा विषय जवळचा मानावा याला आणखी एक कारण आहे. यांतल्या किती गाड्या आपल्याच भागात बनल्या ते पाहा. पॅलिओ मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यातून बाहेर पडली. त्याच आवारातून आधी प्रीमियर पद्मिनी निघत असे. ऑक्टाव्हिया आरएसची जुळणी औरंगाबादजवळ शेंद्र्याला झाली. पोलो जीटी टीएसआय चाकणची, अबार्थ पुंटो रांजणगावची. पुणे-नगर रस्त्यावरून रोज जाणाऱ्या कितीतरी लोकांना कल्पना नसेल, की १४५ अश्वशक्तीची आणि दहा लाखांच्या आत मिळणारी, तेव्हाच्या भारतातली सर्वांत जोशात पळणारी छोटी गाडी त्या रस्त्यालगत बनत होती. या गाड्यांना हात लावलेले फिटर, त्या विकलेले सेल्समन, त्यांची टायमिंग बेल्ट बदललेले मेकॅनिक आपल्यात आहेत. त्यांना ठाऊक असलेल्या गोष्टी कागदावर आल्या नाहीत तर आणखी वीस वर्षांनी कोणी शोधू म्हणालं तरी सापडणार नाहीत.

आपल्याकडे म्हणतात, हौसेला मोल नाही. जुन्या गाड्यांच्या बाजारात या म्हणीचा सर्वाधिक फायदा विकणारा उठवतो. मोल नाही म्हटलं की हिशेब मागायचा प्रश्नच उरत नाही. माझं म्हणणं नेमकं उलट आहे. हौसेलाही मोल असतं, ते मोजता येतं आणि मोजलंच पाहिजे. कारण वेगवान जुन्या गाडीच्या एका किमतीत तीन वेगवेगळ्या किमती मिसळलेल्या असतात. पहिली वापराची: ही गाडी रोज कामावर घेऊन जायला काय लायकीची आहे. दुसरी हौसेची: त्याच वर्षाच्या साध्या गाडीपेक्षा हिच्या इंजिनासाठी, गिअरबॉक्ससाठी, चालवण्यातल्या आनंदासाठी मी किती जास्त द्यायला तयार आहे. तिसरी जपणुकीची: ही गाडी आज आहे तशी पुढच्या पिढीच्या हाती देण्यासारखी आहे का, आणि असेल तर त्याचे किती.

समजा, २०१६ सालची एक अबार्थ पुंटो विकायला आहे आणि मालक सात लाख म्हणतो. त्याच वर्षाची, तेवढीच पळालेली साधी पुंटो अडीच लाखांना मिळते असं धरू. हे आकडे हिशेब समजावा म्हणून घेतले आहेत, बाजारभाव म्हणून नव्हेत. अडीच लाख ही वापराची किंमत झाली. उरले साडेचार लाख. आता गाडी लिफ्टवर चढवायची. टायमिंग बेल्ट कधी बदलली याची पावती नाही, टर्बोच्या पाइपाला तेलाचा ओलावा आहे, पुढचे शॉकअब्सॉर्बर बसलेत, टायर सहा वर्षांचे. हा सगळा खर्च साडेचार लाखांतून वजा होतो, अडीचमधून नव्हे. कारण साधी पुंटो घेणाराही अडीच लाख सुस्थितीतल्या गाडीचेच देणार होता. आपले लोक बहुधा उलटं करतात. एकूण सात लाखांतून "दहा-वीस हजार कमी करा" म्हणतात, मालक पंधरा हजार सोडतो आणि दोघंही खूश होतात. प्रत्यक्षात घेणाऱ्याने हौसेची पूर्ण किंमत मोजून आधीच्या मालकाने थकवलेली दुरुस्ती विकत घेतलेली असते.

तिसरी किंमत सर्वांत फसवी, कारण ती बहुतेक गाड्यांत नसतेच. "कलेक्टिबल" हा शब्द आता इतक्या सहज वापरला जातो की ज्या गाडीचं उत्पादन बंद झालं ती कलेक्टिबल, असाच समज झाला आहे. उत्पादन तर दर वर्षी कितीतरी गाड्यांचं बंद होतं. १ एप्रिल २०२०पासून बीएस-६ लागू झालं तेव्हा एका झटक्यात कितीतरी इंजिनं बाजारातून गेली. त्यांतल्या बहुतेक गाड्या वापरून संपाव्यात यातच त्यांचं भलं आहे.

कोणती गाडी जपण्यालायक, याचं माझं उत्तर या पुस्तकात ठिकठिकाणी आलं आहे; थोडक्यात इथे सांगतो. किती बनल्या याला मी महत्त्व देत नाही. मूळ रूपात किती उरल्या, त्यांचे कागद चालू आहेत का आणि त्यांना लागणारे भाग पुढे मिळतील का, या तीन गोष्टी मी पाहतो. एकही कच्ची असेल तर त्या गाडीवर प्रेम करावं, ती चालवावी, पण जपणुकीची किंमत देऊ नये.

कागदांपासून सुरुवात करतो. वेगाच्या वेडापायी गाडी घेणारा माणूस सर्वांत कमी लक्ष त्यांच्याकडे देतो. आपल्या कायद्यात खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची. पुढे योग्यता तपासणी करून दर पाच वर्षांनी नूतनीकरण. मोटारीसाठी हे शुल्क २०२२मध्ये सहाशे रुपयांवरून पाच हजारांवर गेलं, आणि वीस वर्षं उलटलेल्या गाड्यांसाठी २०२५मध्ये दहा हजार झालं. महाराष्ट्रात वर पर्यावरण कर. रकमा फार मोठ्या नाहीत, पण दर पाच वर्षांनी एकदा अशी वेळ येते की मालक विचारतो, "आता कशाला?" त्या क्षणी कितीतरी चांगल्या गाड्या मरतात.

दुसऱ्या टोकाला आहे ऐतिहासिक वाहनांचा नियम. केंद्र सरकारने जुलै २०२१मध्ये तो आणला. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं झालेली आणि चासी, बॉडी, इंजिन यांत मोठा फेरफार न केलेली खासगी गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. नंबर प्लेटवर "व्हीए" ही अक्षरं येतात, वीस हजार रुपयांत दहा वर्षांची नोंदणी मिळते, आणि अशी गाडी रोजच्या वापराला नाही तर प्रदर्शन, रॅली, देखभाल अशा कामांपुरतीच रस्त्यावर आणता येते. नियम चांगला आहे. पण २००४ सालची ऑक्टाव्हिया आरएस त्यात बसणार २०५४मध्ये. पंधरा ते पन्नास या मधल्या पस्तीस वर्षांत कायद्याच्या दृष्टीने ती फक्त एक जुनी गाडी आहे, धूर सोडणारी, शंकास्पद. ज्या काळात तिला सर्वांत जास्त आधाराची गरज आहे त्याच काळात तिच्या पाठीशी कोणी नाही. म्हणूनच ज्यांनी ही पस्तीस वर्षं पार करायचं ठरवलं आहे त्या मालकांना मी फार मानतो. भाव ठरवताना नूतनीकरण नुकतंच झालेल्या गाडीला मी उघडपणे जास्त पैसे द्यायला सांगतो.

याला जोडूनच दिल्ली पासिंगच्या गाड्यांचं प्रकरण येतं. राजधानी परिसरात दहा वर्षांवरील डिझेल आणि पंधरा वर्षांवरील पेट्रोल गाड्यांवर आधी हरित लवादाने बंदी घातली आणि २०१८मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. त्या आदेशात पुढे फेरफार होत राहिले, पण बाजाराने धसका घेतला तो घेतलाच. तिकडच्या गाड्या स्वस्तात इकडे येऊ लागल्या. पुण्या-मुंबईतला मुलगा फोटो पाहतो, पन्नास-साठ हजारांचा फरक पाहतो आणि टोकन देऊन मोकळा होतो. नंतर कळतं, की तिथल्या आरटीओची एनओसी हवी, बँकेचा बोजा उतरल्याचा फॉर्म ३५ हवा, २९ आणि ३० नंबरच्या फॉर्मांवर आधीच्या मालकाची सही हवी, आणि महाराष्ट्रात नव्याने कर भरायचा आहे. दरम्यान आधीचा मालक फोन उचलत नाही. असा व्यवहार मी करूच नका म्हणणार नाही. काही सुरेख गाड्या याच वाटेने वाचल्या आहेत. पण फरकाची रक्कम म्हणजे बचत नव्हे, ती त्या कागदांची किंमत आहे, एवढं समजून करा.

विम्याबद्दल मात्र मला सविस्तर लिहायचं आहे, कारण या गाड्या संपवणारं सर्वांत मोठं कारण अपघात नाही, अपघातानंतरचा हिशेब आहे. आपल्या मोटार विम्यात गाडीची घोषित किंमत, म्हणजे आयडीव्ही, वयाप्रमाणे घसरते. पहिल्या सहा महिन्यांत पाच टक्के, वर्षाअखेर पंधरा, दोन वर्षांपर्यंत वीस, तीनपर्यंत तीस, चारपर्यंत चाळीस, पाचपर्यंत पन्नास. गाडी वेगवान आहे की साधी, दुर्मीळ आहे की गल्लोगल्ली दिसणारी, याचा त्या तक्त्याला पत्ता नसतो. आता दुसरा नियम पाहा. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या पंच्याहत्तर टक्क्यांवर गेला की गाडी पूर्ण निकामी धरली जाते. साध्या स्विफ्टचा बंपर, हेडलाइट आणि बॉनेट कुठेही मिळतं. बंद पडलेल्या मॉडेलचे तेच तीन भाग परदेशातून मागवायचे तर खर्च पाहता पाहता ही रेषा ओलांडतो. गाडीची चासी सरळ आहे, इंजिनाला ओरखडा नाही, आणि तरी ती कागदावर मेली. विमा कंपनी पैसे देते, गाडी भंगारवाल्याकडे जाते. देशात मोजक्याच असलेल्या गाड्यांतली आणखी एक कमी होते, ती एखाद्या रिक्षाच्या धडकेने.

यातून वाट नाही असं नाही, पण ती बहुतेक मालकांना माहीत नसते. पाच वर्षांपुढच्या आणि उत्पादन बंद झालेल्या मॉडेलांसाठी आयडीव्ही तक्त्याने ठरत नाही. विमा कंपनी आणि मालक यांच्या संमतीने ठरते. मोटार टॅरिफमध्येच तसं लिहिलेलं होतं. म्हणजे आपण बोलायचं असतं. मूल्यांकनाचा अहवाल, फोटो, सर्व्हिसच्या पावत्या पुढे ठेवून जास्त आयडीव्ही मागायची असते. प्रत्यक्षात काय होतं? ऑनलाइन फॉर्म भरताना सरकपट्टी डावीकडे ओढली की प्रीमियम दोन-तीन हजारांनी कमी दिसतो, आणि आपण ती ओढतो. सात लाख मागून विकायला काढलेल्या गाडीची आयडीव्ही पावणेतीन लाख असलेली मी पाहिली आहे. गाडी पाहायला जाल तेव्हा विम्याचा कागद आधी मागा. मालक स्वतः तिची काय किंमत धरतो हे तिथे लिहिलेलं असतं.

जुन्या टॅरिफमध्ये व्हिंटेज गाड्यांसाठी ठरलेल्या किमतीचा विमा होता, पण तो १९४०च्या अखेरपर्यंत बनलेल्या गाड्यांसाठी. आपल्या काळातल्या गाड्यांसाठी तशी तजवीज व्हावी, हौशी मालकांच्या संघटनांनी ती मागावी, असं मला मनापासून वाटतं.

भागांच्या बाबतीत प्रत्येक गाडीची कथा वेगळी, आणि इथे इंजिनाची वंशावळ माहीत असणं उपयोगी पडतं. पुंटोचं १.३ लिटर मल्टिजेट डिझेल मारुती आणि टाटांनीही वापरलं. त्यामुळे डिझेल पुंटोच्या इंजिनाला कुठल्याही तालुक्याच्या गावी हात घालणारा मेकॅनिक मिळतो. अबार्थचं १.४ टी-जेट मात्र आपल्याकडे लिनियासारख्या मोजक्या गाड्यांतच आलं, तेही कमी ताकदीच्या रूपात. एकाच कारखान्यातून निघालेल्या, बाहेरून भावंडं वाटणाऱ्या या दोन गाड्यांचं म्हातारपण अगदी वेगळं असणार. ऑक्टाव्हिया आरएसचं उलट आहे. तिचं १.८ लिटर, वीस व्हॉल्व्हचं टर्बो इंजिन फोक्सवॅगन समूहाने जगभर इतक्या गाड्यांत बसवलं की आजही त्याचे भाग मिळतात. युरोपात ते १८० अश्वशक्तीचं होतं, आपल्याकडे दीडशेचं आलं. पण तळ तोच. तिची अडचण सीट, बंपर, चाकं, बिल्ले अशा फक्त आरएसच्या वस्तूंची. इंजिन उघडता येतं, फाटलेली मूळ सीट परत आणता येत नाही. म्हणून आरएस पाहताना बॉनेट उघडण्याआधी दार उघडा.

पोलो जीटी टीएसआयविषयी माझं मत तिच्या चाहत्यांना आवडणार नाही. १.२ लिटर, १०५ अश्वशक्ती आणि सात गिअरची स्वयंचलित डीएसजी या मेळाने २०१३नंतर कितीतरी तरुणांना गाडी चालवायची गोडी लावली. पण तिची कोरड्या क्लचची डीएसजी मुंबई-पुण्याच्या वाहतुकीत पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये सतत घासत राहते, मेकॅट्रॉनिक युनिट बदलायची वेळ आली तर खर्च गाडीच्या किमतीचा मोठा हिस्सा खातो, आणि अजून रस्त्यावर या गाड्या भरपूर आहेत. तिला वापराची आणि हौसेची किंमत जरूर द्या. जपणुकीची देण्याइतकी वेळ आलेली नाही. पोलो बंद होताना २०२२मध्ये सातशे गाड्यांची "लेजंड" आवृत्ती निघाली. तिच्यातही मुख्य फरक बिल्ल्यांचा आणि सजावटीचा.

आवृत्त्यांच्या आकड्यांनी भुलू नका, हे मी पुस्तकभर सांगत राहिलो आहे. २०१८पासून परदेशी गाड्यांच्या मर्यादित आयातीसाठी वेगळी सवलत आली: वर्षाला अडीच हजारांपर्यंत गाड्या इथल्या चाचण्यांविना आणता येऊ लागल्या. त्याच वाटेने २०२०मध्ये ऑक्टाव्हिया आरएस २४५ आली, दोनशे, प्रत्येकी ३५.९९ लाखांना. २०२५मध्ये नवी ऑक्टाव्हिया आरएस आली, फक्त शंभर, ४९.९९ लाखांना, किंमत जाहीर होण्याआधीच सगळ्या बुक झाल्या. नऊ वर्षांपूर्वी ९९ पोलो विकल्या जात नव्हत्या आणि आता शंभर गाड्या किंमत न विचारता जातात. मधल्या काळात गिऱ्हाईक बदललं आहे. दुर्मीळपणा हा विकायचा माल झाला आहे हे कंपन्यांनी ओळखलं आणि घेणाऱ्यांनीही. अशा शंभर गाड्यांतल्या बऱ्याचशा झाकून, पुसून, जेमतेम चालवून ठेवल्या जातील. म्हणजे वीस वर्षांनीही त्या जवळजवळ शंभरच उरतील. याउलट ज्या गाडीला घेणाऱ्यांनी दयामाया न दाखवता पळवलं, जिच्याविषयी कोणी "पुढे किंमत येईल" असा विचार केला नाही, ती वीस वर्षांनी खरोखर दुर्मीळ होते. होंडा सिटी व्हीटेकचं तेच झालं. २००० साली आलेलं तिचं १०६ अश्वशक्तीचं इंजिन त्या काळच्या रस्त्यांवर सगळ्यांना मागे टाकत असे. कोणी ती जपली नाही. शर्यतींसाठी कापली, सायलेन्सर बदलले, उंची कमी केली, पिवळे-निळे रंग फासले. आज मूळ रंगातली, मूळ चाकांवरची, पावत्यांसह असलेली व्हीटेक समोर आली तर मी त्या मालकाला नमस्कार करीन.

बदल केलेल्या गाड्यांवरून हौशी मंडळींशी माझा जुना वाद आहे. रिमॅप केलं, मोठा इंटरकूलर लावला, दोन लाख घातले, तेव्हा किंमत दोन लाखांनी वाढली पाहिजे असं मालकाला वाटतं. वाढत नाही, बहुधा घटते. एक तर सर्वोच्च न्यायालयाने २०१९मध्ये स्पष्ट केलं आहे की उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल गाडीत करता येत नाही. त्यामुळे दर नूतनीकरणाला टांगती तलवार. दुसरं, वाढवलेल्या ताकदीने क्लच आणि गिअरबॉक्सचं किती आयुष्य खाल्लं ते बाहेरून दिसत नाही. ज्याने मूळ भाग पोत्यात बांधून माळ्यावर ठेवले आहेत, तो मालक शहाणा. ते पोतं गाडीबरोबर मिळत असेल तर त्याचे वेगळे पैसे द्या; त्यात जपणुकीची किंमत भरलेली आहे.

आता नावाची गोष्ट. २००२मध्ये फियाटने पॅलिओची एस-१० आवृत्ती काढली, सचिन तेंडुलकरच्या स्वाक्षरीची, पाचशे गाड्यांची. पॅलिओ १.६ चालवायला अप्रतिम होती, पण "ॲव्हरेज देत नाही" या एका वाक्याने जुन्या बाजारात तिचं मातेरं झालं. स्वाक्षरीनेही तिला वाचवलं नाही. त्याच वर्षी ब्रॅडमनच्या २९ कसोटी शतकांशी बरोबरी केल्याबद्दल फियाटने सचिनला फेरारी ३६० मोडेना दिली, मायकेल शूमाकरच्या हस्ते. ती पुढे सुरतच्या उद्योजकाकडे गेली, पण आजही तिला लोक सचिनची फेरारीच म्हणतात. आणि २०२०मध्ये खुद्द सचिनने सांगितलं की आपली पहिली गाडी, मारुती ८००, परत मिळाली तर हवी आहे. पाचशे गाड्यांवर छापलेली सही आणि त्याने स्वतः चालवलेली एक साधी आठशे, यांत जपणुकीची किंमत कुठे आहे ते कुणालाही कळेल. माणसाने ती गाडी जगलेली असावी लागते. रवी शास्त्री यांना १९८५मध्ये मेलबर्नला क्रिकेट स्पर्धेतलं बक्षीस म्हणून मिळालेली ऑडी १०० कितीतरी वर्षं तशीच पडून होती. २०२२मध्ये उद्योगपती गौतम सिंघानिया यांच्या पुढाकाराने ती पुन्हा उभी राहिली, तेव्हा माझ्या पिढीच्या लोकांना त्या मैदानावर गाडीला लटकलेला भारतीय संघ आठवला. देशातली पहिली मारुती ८००, जिची किल्ली १९८३च्या डिसेंबरमध्ये इंदिरा गांधींनी दिली, तीसुद्धा मालकाच्या मृत्यूनंतर दिल्लीत घराबाहेर गंजत उभी होती. पुढे कंपनीने ती दुरुस्त करून मुख्यालयात ठेवली. इतक्या मोठ्या नावांच्या गाड्यांची ही स्थिती, तर तुमच्या-माझ्या गाडीची नोंद आपणच ठेवली पाहिजे. पहिलं बिल, प्रत्येक सर्व्हिसची पावती, गाडी बदलापूरला नेली की बंगळुरूला, टायर कधी बदलले, सगळं एका फाइलीत. "डॉक्टरांची गाडी आहे" या तोंडी शिफारशीला बाजारात काही किंमत नाही, फाइलीला आहे.

एक शंका मला या पुस्तकाचं हस्तलिखित वाचणाऱ्या मित्रांनी सतत विचारली: ही गुंतवणूक आहे का? नाही. आपल्याकडे या गाड्यांचे जाहीर लिलाव नियमित होत नाहीत, त्यामुळे प्रत्यक्ष कितीला व्यवहार झाला हे कळतच नाही. दिसतो तो मागितलेला भाव. मागितलेल्या भावावर भविष्य बांधू नये. साठवणुकीची जागा, बॅटरी, रबराचे भाग, इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलने जुन्या इंधनवाहिन्यांची घ्यावी लागणारी काळजी, विमा, कर, हे सगळं धरलं तर किंमत दुप्पट होऊनही हाती फार उरत नाही. ज्याला पैसे वाढवायचे आहेत त्याने दुसरीकडे जावं. ज्याला रविवारी पहाटे ताम्हिणीत तिसऱ्या गिअरमध्ये ते इंजिन गाताना ऐकायचं आहे आणि ते ऐकायला आपल्या मुलीलाही मिळावं असं वाटतं, त्याने मात्र नीट हिशेब करून, पूर्ण किंमत देऊन, मनात काही न ठेवता गाडी घ्यावी.

पुढची प्रकरणं गाडीनिहाय आहेत, आणि प्रत्येकाच्या शेवटी ती गाडी पाहायला जाताना काय काय तपासायचं ते दिलं आहे: काचांवर कोरलेलं वर्ष, सीटबेल्टच्या शिलाईजवळची तारखेची पट्टी, रंगाच्या थराची जाडी, बोल्टच्या डोक्यावर पाना फिरल्याच्या खुणा, चासी नंबरभोवतीचा पत्रा. मीटरवरच्या आकड्यावर मी कुठेही विसंबलेलो नाही. गाडी किती पळाली हे पेडलचं रबर, स्टिअरिंगची चकाकी आणि ड्रायव्हरच्या सीटची बाजू जास्त खरं सांगते. किमती कुठेही छापलेल्या नाहीत, कारण छापून होईतो त्या शिळ्या होतात; त्याऐवजी प्रत्येक गाडीचा हिशेब कसा मांडायचा ते दाखवलं आहे, तुमच्या गावच्या भावांनी रकाने तुम्ही भरायचे. सुरुवात कुर्ल्यापासून, म्हणजे पॅलिओपासून केली आहे. तिला जुन्या बाजारात सर्वांत कमी भाव आला, आणि त्यामुळे तिच्याबद्दल लिहिण्यासारखं सर्वांत जास्त होतं.